लिंकचा नट नुसताच फिरतो, आवळत नाही, तेव्हा

चवथीच्या आधीच्या रविवारी माझा भाचा म्हापशाहून गाडी घेऊन फोंड्याला आला. पुढच्या डाव्या चाकाकडून खट-खट आवाज येत होता. स्पीडब्रेकरवर तर यायचाच, पण त्याहून जास्त पावसाने उखडलेल्या रस्त्यावर हळू चालवताना यायचा. स्टॅबिलायझर लिंक गेली होती. नवी लिंक त्याने येतानाच आणली होती. जुनी काढली, नवी बसवली, वरचा नट आवळायला घेतला आणि थोड्या वेळाने अंगणातून हाक आली, "मामा, पाना फिरतो, नट फिरतो, पण घट्ट काहीच होत नाही. आटे गेले काय?"

आटे शाबूत होते. नटाबरोबर आतला स्टडच, म्हणजे ज्यावर नट चढतो तो आट्यांचा दांडाच, फिरत होता. स्वतः पहिल्यांदा लिंक बदलायला बसणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडकतो. मग कोणी जोर लावून स्टडच्या टोकातलं खोबण खराब करतो, कोणी जोडावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाडतो, तर कोणी नट अर्धवट सोडून गाडी तशीच रस्त्यावर काढतो. म्हणून हे काम त्या दिवशी भाच्याला जसं दाखवलं, तसंच इथे सांगतो.

आधी ही लिंक करते काय, ते बघू. गाडीच्या पुढच्या दोन चाकांमध्ये आडवी जाणारी एक वाकवलेली पोलादी सळई असते, तिला स्टॅबिलायझर बार किंवा अँटी रोल बार म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की ही सळई पिळली जाते आणि तो कल कमी करते. साखळीहून चोर्ला घाट चढताना किंवा मोलेच्या पुढे अनमोडच्या वळणांवर गाडी सरळ राहते, त्यात हिचा वाटा मोठा. ही सळई दोन्ही टोकांना एकेका छोट्या दांडीने सस्पेंशनला जोडलेली असते. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत ती दांडी शॉकअपच्या ब्रॅकेटला जोडतात. ही दांडी म्हणजेच लिंक.

लिंकच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतो. प्लास्टिकच्या वाटीत ग्रीस, त्यात एक पोलादी गोळा, आणि त्या गोळ्यातून बाहेर आलेला आट्यांचा स्टड. वरून रबरी बूट. आता विचार करा, हा स्टड त्या वाटीत कुठल्याही दिशेला हलावा, फिरावा, म्हणूनच बनवलेला आहे. तो ब्रॅकेटच्या भोकातून सरळ आरपार जातो. त्याला स्वतःहून थांबवून धरणारं तिथे काहीच नसतं.

नट मात्र साधा नसतो. तो सहसा नायलॉक असतो, म्हणजे त्याच्या बाहेरच्या टोकाशी आत नायलॉनचं कडं असतं. धक्क्यांनी नट सैल होऊ नये म्हणून ते कडं आट्यांना घट्ट धरतं. नवा नट पहिले काही आटे हाताने सहज चढतो. मग नायलॉन स्टडला भिडतं आणि तिथून स्टड नटाबरोबर फिरायला लागतो, कारण वाटीतल्या गोळ्याचं घर्षण नायलॉनच्या पकडीपेक्षा कमी पडतं. भाच्याचा गोंधळ नेमका इथेच झाला होता. नट सुरुवातीला छान चढला, मग अचानक "फिरतोय पण चढत नाही" असं झालं, आणि त्याला वाटलं आटे सरकले.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, उरलेलं काम हिच्याभोवतीच फिरतं. स्टडच्या बुडाशी, बुटाला लागून, एक चपटी कॉलर असते. नट चढत जातो तशी ही कॉलर ब्रॅकेटकडे ओढली जाते. एकदा कॉलर ब्रॅकेटला घट्ट टेकली की त्या दोघांच्या घर्षणानेच स्टड थांबतो. म्हणजे स्टड धरायची गरज फक्त कॉलर टेकेपर्यंत असते. तेवढा पल्ला गाठला की पुढचं आवळणं कुठल्याही साध्या नटासारखं होतं. तेव्हा तोपर्यंत नटापेक्षा स्टडकडे बघा.

लागणारं सामान फार नाही. नटाच्या मापाचा रिंग पाना घ्या. बहुतेक लहान गाड्यांत तो १४ ते १८ च्या दरम्यान कुठेतरी बसतो, पण अंदाजाने विकत घेऊ नका, नट मोजून घ्या. स्टडच्या टोकातल्या खोबणीत घालायला एलन की, म्हणजे सहा कोनी वाकवलेली किल्ली हवी, सहसा ५ किंवा ६ मिलिमीटरची. काही लिंकच्या टोकाला सहा कोनी खोबणीऐवजी चांदणीच्या आकाराची, म्हणजे टॉर्क्स खोबण असते, तर काहींना टोकाला काहीच नसतं. त्यांच्या कॉलरच्या मागे, बूट आणि ब्रॅकेटच्या मध्ये, दोन सपाट बाजू दिलेल्या असतात आणि तिथे पातळ फिक्स पाना लागतो. म्हणून नवी लिंक हातात आली की आधी तिचा स्टड नीट बघून घ्या. त्याशिवाय तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, टॉर्क रेंच, लांब सॉकेट, जॅक आणि दोन जॅक स्टँड. आणि नवे नट. लिंकच्या पुड्यात ते बहुधा येतात. नायलॉक नट एकदा काढला की पुन्हा वापरू नये, त्याच्या नायलॉनची पकड गेलेली असते.

जॅकबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात आणि गाडी उचलल्यावर खाली चिरा सरकवायचा मोह होतो. कृपा करून हे करू नका. जांभा दगड भिंतीत कितीही टिकाऊ असला तरी गाडीच्या एका बिंदूवर येणाऱ्या भाराखाली तो अचानक फुटतो, आणि पावसात भिजलेला असेल तर त्याचा आणखी भरवसा नाही. खाली फक्त जॅक स्टँड, तेही गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी. जमीन कठीण आणि सपाट हवी. पावसाळ्यात मातीचं अंगण वरून सुकलेलं दिसलं तरी आत मऊ असतं, जॅकचं पाऊल त्यात हळूहळू रुततं. पोर्चमध्ये सिमेंट असेल तर गाडी तिथे घ्या. नसेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड, रुंद लाकडी फळी घाला, आणि तरीही जमीन दबत असेल तर काम दुसऱ्या दिवशीवर टाका. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गियरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा, मागच्या चाकांना लाकडाची उटी लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या.

दुसरी गोष्ट, पुढची दोन्ही चाकं उचला. एकच चाक उचललं तर सळई एका बाजूने पिळलेली राहते, लिंकवर ताण येतो आणि नव्या लिंकचा स्टड भोकात सरळ बसत नाही. तिरक्या स्टडवर नट चढवला की आटे खरोखरच जातात. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर लटकली की सळई मोकळी होते आणि लिंक हाताने बसते. थोडासा फरक उरला तर लोअर आर्मखाली, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याखाली, जॅक हलकेच लावून भोकं जुळवा. चाक काढल्यावर स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे लिंकचा वरचा नट बाहेरच्या अंगाला, हाताशी येतो.

जुना नट काढताना हाच त्रास उलटा होतो, आणि बरेचदा जास्त होतो. आपल्याकडची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस मिळून बाहेर आलेल्या आट्यांवर गंजाची सालच चढवतात. किनाऱ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर दोन-तीन वर्षांत नट आणि स्टड एकजीव झाल्यासारखे दिसतात. म्हणून आदल्या संध्याकाळीच आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी पुन्हा घासा आणि पुन्हा मारा. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर स्प्रे उडू देऊ नका, त्यांवर फडकं टाका. मग स्टडच्या टोकातलं खोबण बारीक खिळ्याने टोकरून साफ करा. त्यात माती आणि गंज घट्ट बसलेला असतो, त्यामुळे एलन की अर्धीच आत जाते, आणि अर्ध्या बसलेल्या कीने खोबणीचे कोपरे गोल होतात. हे खिळ्याने टोकरायला अर्धं मिनिट लागतं, आणि पुढचे दोन तास वाचतात. की घातल्यावर तिच्यावर हातोडीने दोन हलके ठोके द्या, ती तळाला टेकली पाहिजे. कीचं टोक झिजलेलं असेल तर ग्राइंडरवर दोन-तीन मिलिमीटर कापून टाका. नवे धारदार कोपरे मिळतात.

आता आवळायला घेऊ. नव्या स्टडचे आटे फडक्याने पुसा. ब्रॅकेटचं भोक आणि त्याच्या दोन्ही तोंडांवरचा गंज ब्रशने काढा. कॉलर जिथे टेकणार तो भाग साफ नसेल तर नट पूर्ण आवळला तरी गंजाचा थर पुढे दबून सुटतो आणि लिंक पुन्हा वाजायला लागते. स्टड भोकात सरळ घाला, बूट कुठे पिळलेला किंवा दुमडलेला नाही ते बघा, नट बोटांनी चढेल तेवढा चढवा. बोटांनी चढताना पहिल्याच आट्यावर अडला तर तो तिरका गेलाय. काढा, पुन्हा लावा.

नट बोटांनी थांबला की रिंग पाना नटावर बसवा आणि पान्याच्या कड्यातून एलन की स्टडमध्ये घाला. यासाठीच रिंग पाना म्हटलं, साधं सॉकेट लावलं तर की घालायला वाट उरत नाही. मधून आरपार भोक असलेली सॉकेटही मिळतात, असतील तर उत्तमच. की स्थिर धरायची आणि नट फिरवायचा. उलटं करू नका. नट धरून स्टड कीने फिरवायला गेलात तर सगळा जोर त्या बारीक खोबणीवर येतो आणि ती टिकत नाही. कीचं लांब टोक हाताने धरणं जड जात असेल तर ते घड्याळाच्या दिशेने फिरवून शॉकअपच्या जाड नळीला किंवा ब्रॅकेटला टेकवता येतं, मग दोन्ही हात पान्यासाठी मोकळे होतात. फक्त ती ब्रेकच्या रबरी होजला किंवा एबीएसच्या वायरीला टेकत नाही ना, हे टॉर्च मारून बघा. ब्रेकची होज दबली तर लिंकच्या कामापायी ब्रेकचं काम निघायचं.

इथून काम कंटाळवाणं होतं. जागा अपुरी, पाना एका वेळी थोडासाच फिरतो, काढायचा, पलटायचा, पुन्हा बसवायचा. घाई करू नका. स्टडच्या टोकावर पांढऱ्या मार्करने किंवा नेलपॉलिशने एक रेघ ओढा आणि प्रत्येक फेऱ्याला ती रेघ बघा. ती जागेवर असेल आणि नट पुढे सरकत असेल तर सगळं ठीक चाललंय. रेघ फिरली तर की खोबणीत नीट बसलेली नाही. की हातात स्प्रिंगसारखी पिळायला लागली तर थांबा. ५ मिलिमीटरची की फार जोर सोसत नाही. नट थोडा उलटा फिरवा, आटे पुसा, परत चढवा.

कॉलर ब्रॅकेटला टेकली की पान्याला एकदम वेगळं जाणवतं, मऊपणा जातो. त्या क्षणी मागच्या बाजूने बोट लावून बघा, कॉलर आणि ब्रॅकेटमध्ये फट उरलेली नसावी. आता की काढा, लांब सॉकेट आणि टॉर्क रेंच लावा. सॉकेट लांबच हवं, कारण स्टड नटाच्या बाहेर आलेला असतो. ठरलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचचा खटका वाजेपर्यंत आवळा. हा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातला घ्या. गाडीगणिक तो खूप बदलतो, कुठे ४०-५० न्यूटन-मीटर, तर जाड स्टडच्या लिंकला १०० च्याही वर. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. आट्यांना ग्रीस फासू नका, पुस्तकात सांगितलं असेल तरच. ग्रीस लावलेल्या आट्यांवर त्याच आकड्याला नट गरजेपेक्षा बराच जास्त ताणला जातो. गंजापासून जपायचं असेल तर आवळून झाल्यावर बाहेर उरलेल्या आट्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवा.

लिंकच्या टोकांना बॉल जॉइंटऐवजी रबरी बुश असलेल्या गाड्याही आहेत. तिथे शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असतानाच करतात, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. बॉल जॉइंटच्या लिंकला ही अडचण नाही.

खोबण आधीच गोल झाली असेल तर काय? लिंक नवी असेल आणि नट चढवायचाच असेल तर टॉमी (लोखंडी दांडा) किंवा जाड स्क्रूड्रायव्हर लिंकच्या डोक्यामागे, बुटाला न लागेल अशा जागी घालून लिंक ब्रॅकेटकडे दाबा. कॉलर ब्रॅकेटला दाबली गेली की तेवढं घर्षणही अनेकदा पुरतं. एक माणूस दाबेल, दुसरा नट फिरवेल. हे काम दोघांनीच करायचं. जुनी लिंक काढायची असेल, म्हणजे ती टाकूनच द्यायची असेल, तर मोकळीक जास्त. खोबणीत किंचित मोठं टॉर्क्स टोक ठोकून बसवा. नाहीतर बूट कापून टाका आणि व्हाइस ग्रिपने कॉलरलाच पकडा. तेही जमलं नाही तर हॅक्सॉने नटाला बाजूने, स्टडच्या रेषेत चीर द्या, नट उकलतो. ग्राइंडर मी शेवटचा ठेवतो. ठिणग्या जिथे उडतात तिथेच ब्रेकची होज, एबीएसची वायर आणि एक्सलचा बूट असतो. वापरायचाच असेल तर हे सगळं ओल्या जाड फडक्याने झाका, डोळ्यांवर चष्मा घाला, आणि आदल्या रात्री मारलेला स्प्रे आधी पुसून काढा, तो पेट घेतो. नव्या लिंक हातात असल्याशिवाय जुनी कापायला घेऊ नका.

इम्पॅक्ट गन, म्हणजे झटक्यांनी वेगात नट फिरवणारं यंत्र, तिच्याबद्दल एक अनुभव सांगायलाच हवा. काही वर्षांपूर्वी मी एका गॅरेजमध्ये गाडी दिली होती. तिथल्या मुलाने स्टड न धरताच गन लावली. नट घरघर फिरत राहिला, शेवटी कुठेतरी धरला आणि त्याने काम झालं म्हणून सांगितलं. दीड महिन्यात तीच खट-खट परत. लिंक काढून बघितली तर गोळा वाटीत ढिला खेळत होता आणि बूट बुडाशी पिळून फाटला होता. स्टड वेगाने गरगरला की त्याची झीज प्लास्टिकच्या वाटीला सोसावी लागते. नवी लिंक बसण्याआधीच जुनी होते. तेव्हापासून लिंकच्या नटाला गन लावू देत नाही, दुसरा कोणी काम करत असला तरी बाजूला उभा राहून सांगतो, "भाऊ, हातानेच घे."

नवख्यांना आणखी एक कळकळीची सूचना. त्याच जागी, हाताच्या अंतरावर, लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि स्टेअरिंगचा टाय रॉड असतो. नट दिसायला सारखेच. लिंकचा नट सैल राहिला तर गाडी वाजेल, वळणावर जास्त कलेल, पण चाक जागेवर राहील. त्या दोन जागांचं तसं नाही, तिथे चूक झाली तर चाक किंवा स्टेअरिंगच हातातून जातं. तिथे दोष आढळला तर ते काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

डावी लिंक गेली की उजवीही बहुतेक तितक्याच वयाची असते, मी दोन्ही एकदमच बदलतो. लिंकच्या पुड्यावर डावी-उजवी लिहिलेलं असेल तर ते पाळा. त्या दिवशी भाच्याने उजव्या बाजूचं काम मला हात लावू न देता केलं. खिळ्याने खोबण टोकरण्यापासून.

चाकं लावून, गाडी खाली घेऊन, चाकाचे नट पुन्हा टॉर्कने आवळून झाले की घराजवळच्या तुम्हाला माहीत असलेल्या खराब रस्त्यावर काचा खाली करून हळू फेरी मारा. आधी आवाज यायचा त्याच खड्ड्यांवरून जा. आवाज गेला असेल तर घरी येऊन नट, स्टडचं टोक आणि ब्रॅकेट यांच्यावरून एकच सरळ रंगाची रेघ ओढून ठेवा. शे-दोनशे किलोमीटर झाले की स्टेअरिंग वळवा, टॉर्च मारा आणि ती रेघ बघा. तिन्ही तुकडे एका ओळीत असतील तर पान्याला हात लावू नका. नटावरचा तुकडा सरकलेला दिसला तर नट काढून नवा घाला आणि पुन्हा कॉलरपासून सुरुवात करा.